वेगवेगळ्या धर्मांच्या आणि समाजांच्या मुलांना शिकवण्याची तयारी भावी शिक्षकांकडून प्रत्यक्षात कशी करून घ्यावी?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका अध्यापक विद्यालयात गेली अकरा वर्षे शिकवते आहे. आमच्या द्वितीय वर्षाच्या छात्राध्यापकांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून करायचा अध्यापनाचा सराव, पुढच्या महिन्यात सुरू होईल आणि त्यापूर्वी त्यांच्यासाठी दोन दिवसांचे सत्र घेण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. विषय आहे वर्गातील सांस्कृतिक व धार्मिक विविधता. अभ्यासक्रमात या विषयावर घटक आहे, छात्राध्यापक तो वाचतात, 'विविधतेत एकता' या मथळ्याखाली परीक्षेत दहा गुणांचे उत्तर लिहितात आणि बहुतेकांना त्यात चांगले गुणही मिळतात. तरीही ही तयारी वर्गात उभे राहिल्यावर उपयोगी पडत नाही, हे मी गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

एक छात्राध्यापिका चौथीच्या वर्गावर सणांविषयीचा पाठ घेत होती. पाठाचे टाचण उत्तम होते, चित्रे होती, मुलेही रमली होती. दिवाळीत आपापल्या घरी काय काय करतात, हे तिने एकेकाला विचारले. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने "आमच्यात दिवाळी नसते" असे सांगितले, तेव्हा छात्राध्यापिका अत्यंत प्रेमाने म्हणाली, "मग तू आम्हांला ईदविषयी सांग." ती मुलगी बौद्ध कुटुंबातील होती. ती काही बोलली नाही. दोन मुले हसली आणि पाठ पुढे गेला. संध्याकाळी त्या छात्राध्यापिकेच्या दैनंदिनीत नोंद होती : "पाठ चांगला झाला. एका मुलीने प्रतिसाद दिला नाही." मी स्वतः मागच्या बाकावर मूल्यमापनाचा तक्ता घेऊन बसले होते आणि प्रश्नकौशल्याला मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले होते. ती मुलगी गप्प का झाली, हे मला मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिकेकडून कळले.

त्या छात्राध्यापिकेच्या मनात द्वेष नव्हता. तिला माहिती कमी होती, हे खरे. पण माहिती असती तरी त्या क्षणी काय बोलावे हे तिला सुचले असते का, याची मला खात्री वाटत नाही. सर्व धर्मांच्या जाणकारांना बोलावून प्रत्येकाचे एकेक व्याख्यान ठेवावे, असे आमच्या सहकाऱ्यांचे मत आहे. मला ते अपुरे वाटते. आपल्यापैकी ज्यांनी असे वर्ग सांभाळले आहेत, त्यांनी कृपया सांगावे की नव्या शिक्षकाला नेमके काय शिकवून वर्गावर पाठवावे.

उत्तर 1 : गोदावरीचा प्रवासी

ताई, मी परभणी जिल्ह्यातून केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. आपण जो प्रसंग लिहिला आहे, तो मी वेगवेगळ्या रूपांत अनेक शाळांत पाहिला. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात बौद्धांची संख्या 65 लाखांहून अधिक आहे आणि देशातील एकूण बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक आपल्या राज्यात राहतात. असे असूनही आपल्या शिक्षकांच्या मनात 'हिंदू नाही, म्हणजे मुसलमान' अशी दोनच खणांची पेटी असते. त्या मुलीच्या घरी दिवाळी नसेल. पण ज्या दसऱ्याला वर्गात पाटीपूजन होते, त्याच दिवशी तिचे आईवडील धम्मचक्र प्रवर्तन दिन पाळत असतील, कारण 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दीक्षा झाली तो दिवस विजयादशमीचाच होता. शाळेच्या फळ्यावर दिनविशेष लिहिताना यातली एकच ओळ लिहिली जाते आणि दुसरी का राहते, याचा विचार कोणी केलेला नसतो.

व्याख्यानांबद्दल मी आपल्याशी सहमत आहे. माझा आग्रह असा आहे की छात्राध्यापकांना आधी शाळा वाचायला शिकवावे. आंतरवासितेच्या पहिल्या आठवड्यात ते निरीक्षण करतात तेव्हा फक्त अध्यापन पद्धती पाहतात. त्याऐवजी त्यांना चार गोष्टी पाहायला सांगा : परिपाठात रोज काय म्हटले जाते, भिंतीवर कोणाच्या तसबिरी आहेत, सुट्ट्यांच्या यादीत काय आहे आणि हजेरी घेताना कोणाचे नाव नीट उच्चारले जात नाही. या चार गोष्टींतून त्या शाळेत कोणते मूल घरच्यासारखे वावरते आणि कोणते पाहुण्यासारखे, हे लक्षात येते. नावाची गोष्ट तर फार मोठी आहे. एका वर्गात 'झैनब' नावाच्या मुलीला वर्षभर 'जयनब' म्हणून हाक मारली जात होती आणि तीही 'हजर' म्हणत होती. पुढच्या वर्षी नवे गुरुजी आले, त्यांनी पहिल्याच दिवशी "तुझे नाव तू स्वतः कसे उच्चारतेस?" असे विचारले. तिच्या वडिलांनी ही गोष्ट पालकसभेत उभे राहून सांगितली होती, म्हणून ती माझ्यापर्यंत आली.

आणखी एक प्रसंग आवर्जून तालमीत घ्या. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत शिक्षक वर्गात येतात आणि अमुक प्रवर्गाच्या मुलांनी उभे राहावे असे सांगतात. कामाची घाई असते, कागद वेळेत पाठवायचे असतात, हेतू मुलांच्या भल्याचाच असतो. पण त्या दोन मिनिटांत सगळ्या वर्गाला कोण कोणत्या जातीचा आहे हे कळते आणि ते पुन्हा कधीच पुसले जात नाही. शाळेच्या दाखल नोंदवहीत (जनरल रजिस्टरमध्ये) ही माहिती असतेच. ती तेथून घ्यावी आणि उरलेल्या कागदांसाठी पालकांना चिठ्ठी पाठवावी, एवढी साधी गोष्ट आहे. मी माझ्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे सांगितले तेव्हा निम्म्या शिक्षकांना त्यात काही वावगे वाटतच नव्हते, आणि ज्यांना वाटत होते त्यांतले बहुतेक लहानपणी स्वतः तसे उभे राहिलेले होते.

उत्तर 2 : खाडीपलीकडची

नमस्कार ताई. मी भिवंडीत मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि मी मुस्लिम आहे. आपल्या प्रश्नातील "मग तू आम्हांला ईदविषयी सांग" या वाक्यावर मला थोडे लिहायचे आहे, कारण ते वाक्य मी विद्यार्थिनी म्हणून अनेकदा ऐकले आहे. ती मुलगी खरोखर मुस्लिम असती, तरीही ते वाक्य चुकीचेच ठरले असते. नऊ वर्षांच्या मुलाला एका संपूर्ण धर्माचा प्रतिनिधी म्हणून वर्गासमोर उभे करणे हा त्याच्यावर टाकलेला भार आहे. त्याच्या घरी ईद कशी होते हे त्याला माहीत असते; पण 'आम्हांला' या शब्दाने वर्ग एका बाजूला जातो आणि ते मूल दुसऱ्या बाजूला. प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारता येतो : "तुमच्या घरी वर्षातला कोणता दिवस सगळ्यांत आनंदाचा असतो?" या प्रश्नाला दिवाळी, ईद, 14 एप्रिल, नाताळ, गावची जत्रा किंवा मामाच्या गावी जाण्याचा दिवस, यांपैकी कोणतेही उत्तर देता येते, आणि ज्याला बोलायचे नसेल त्याला गप्पही राहता येते.

छात्राध्यापकांच्या बोलण्यातील 'तुमच्यात', 'तुमच्या लोकांत', 'आपल्यात' हे शब्द त्यांना स्वतःला ऐकवा. शक्य असेल तर त्यांच्या सराव पाठांचे ध्वनिमुद्रण करा आणि त्यांनाच ते मोजायला सांगा. माझ्या स्वतःच्या प्रशिक्षणाच्या काळात एका ज्येष्ठ मार्गदर्शकांनी माझे मराठी ऐकून "तुम्ही मुस्लिम वाटत नाही हो" असे कौतुकाने म्हटले होते. त्यांना मला दुखवायचे नव्हते. पण मराठी ही माझ्या आईचीही भाषा आहे, कोकणातल्या आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या ती बोलली जाते, हे त्या क्षणी मला सांगता आले नाही आणि आजही त्याची खंत वाटते.

रमजानबद्दलही नव्या शिक्षकांना व्यवहारापुरते तरी सांगायला हवे. हा महिना चांद्र कालगणनेनुसार दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे अलीकडच्या वर्षांत तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन परीक्षांच्या तोंडावर येतो आहे. लहान मुलांवर रोजा बंधनकारक नसतो. तरीही अनेक मुले हौसेने एखादा रोजा धरतात आणि त्यांना त्याचा अभिमान असतो. अशा वेळी शारीरिक शिक्षणाच्या तासाला त्या मुलाला मैदानावर धावायला लावू नये, आणि "कशाला एवढ्या लहान वयात उपाशी राहायचे" असे सगळ्यांसमोर म्हणूही नये. दुपारी पोषण आहाराची ताटे वाढली जात असताना त्याला वर्गात एकटे बसवण्यापेक्षा वाचनालयातील एखादे काम मित्रासोबत द्यावे. मूल खरोखर थकलेले दिसले, तर घरी फोन करावा. यासाठी धर्मशास्त्राच्या अभ्यासाची गरज नाही. चतुर्थी किंवा एकादशीचा उपवास धरलेल्या मुलाकडे आपण ज्या मायेने पाहतो, तेवढीच माया पुरते.

सर्वांत अवघड प्रसंग मात्र निराळा आहे. बाहेर कोठे दंगल झाली, स्फोट झाला किंवा क्रिकेटचा सामना झाला, की दुसऱ्या दिवशी वर्गातील एखादे मूल दुसऱ्याला "तू पाकिस्तानात जा" असे म्हणते. नवा शिक्षक अशा वेळी ऐकले न ऐकल्यासारखे करतो, किंवा ओरडून दोघांनाही शिक्षा करतो. दोन्हींमुळे ऐकणाऱ्या मुलाला एकच गोष्ट कळते, की येथे आपल्या बाजूने कोणी नाही. त्या क्षणी बोलायची दोन-तीन वाक्ये शिक्षकाच्या तोंडी आधीच बसलेली असावी लागतात. मी असे म्हणते : "हे वाक्य या वर्गात चालणार नाही. हा देश जितका तुझा, तितकाच त्याचा आहे. आता आपण धडा पुढे नेऊ, आणि सुट्टीत तू मला भेट." सुट्टीत बोलणाऱ्या मुलाला मी आधी एवढेच विचारते की हे त्याने कोठे ऐकले. बहुतेक वेळा ते घरातल्या फोनवर किंवा गल्लीत ऐकलेले असते, आणि त्याचा पूर्ण अर्थ त्याला ठाऊकही नसतो. ताई, आपल्या दोन दिवसांतला अर्धा दिवस फक्त या तालमीला द्यावा, अशी माझी विनंती आहे.

उत्तर 3 : समीकरण

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि वरील उत्तरांशी काही प्रमाणात असहमत आहे. पंचवीस वर्षांत मी वर्गातील कोणत्याही मुलाची जात किंवा धर्म पाहिलेला नाही. मला असे वाटते की प्रशिक्षणात या गोष्टींवर जितका भर देऊ, तितके नवे शिक्षक मुलांकडे त्या चष्म्यातून पाहू लागतील. ताई साताऱ्याच्या आहेत, म्हणून त्याच मातीतले उदाहरण देतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केले, तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली, एकत्र राबली आणि माणूस म्हणून घडली. त्यासाठी कोणाला विविधतेवरचे सत्र घ्यावे लागले नव्हते. मुलांना एकत्र काम द्या, शिक्षकाने मनापासून शिकवावे, बाकीचे आपोआप होते.

उत्तर 4 : गोदावरीचा प्रवासी

सर, आपण वर्गात भेदभाव करत नाही, याबद्दल मला शंका नाही. पण आपण दिलेले उदाहरण आपल्या म्हणण्याच्या उलट बाजूने साक्ष देते, असे मला नम्रपणे वाटते. कर्मवीरांनी ते वसतिगृह जातीकडे दुर्लक्ष करून उभारले नाही. कोणती मुले शिक्षणापासून दूर राहिली आहेत, हे त्यांनी गावोगाव फिरून पाहिले, त्यांना शोधून आणले आणि स्वयंपाकापासून पंक्तीपर्यंत कोणी कोणापासून वेगळे राहणार नाही अशी व्यवस्था जाणीवपूर्वक लावली. 1927 मध्ये महात्मा गांधी तेथे आले आणि त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले, ते या व्यवस्थेमुळेच. खुद्द शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढण्यास चालना दिली, कारण त्या काळी त्या मुलांना राहायलाच जागा मिळत नव्हती. दोघांचे मार्ग वेगळे होते. पण कोण बाहेर राहिले आहे, हे दोघांनीही आधी पाहिले. न पाहता बसवलेली मुले आपापल्या ओळखीच्याच बाकांवर बसतात, हे आपण आपल्याही वर्गात एकदा तपासून पाहावे.

मुलांना एकत्र काम द्यावे, या आपल्या मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात 1971 मध्ये गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळा एकत्र केल्यावर वर्गात तणाव वाढला होता, तेव्हा एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. गटातील प्रत्येकाकडे असा काही भाग होता, जो इतरांकडे नव्हता, त्यामुळे ज्याला इतर मुले टाळत होती त्याचेही म्हणणे ऐकणे भाग पडले. आपल्या गणिताच्या तासालाही हे करता येईल. पण त्यासाठीदेखील गट कोणी पाडायचे आणि कसे पाडायचे, हे शिक्षकाने डोळे उघडे ठेवूनच ठरवावे लागते.

उत्तर 5 : अनुच्छेद अठ्ठावीस

मी वकिली करतो आणि अधूनमधून शिक्षकांसाठी संविधानविषयक वर्ग घेतो. या चर्चेत कायद्याची बाजू यावी म्हणून लिहितो, कारण नव्या शिक्षकांच्या मनात त्याविषयी फार गोंधळ असतो. काहींना वाटते की शाळेत धर्माचे नावही काढू नये; काहींना वाटते की बहुसंख्य मुलांची जी प्रार्थना, ती सर्वांनी म्हणायलाच हवी. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

संविधानाच्या अनुच्छेद 28 नुसार, पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शैक्षणिक संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत, तेथील धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घेण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. त्यासाठी त्या व्यक्तीची, आणि ती अल्पवयीन असल्यास पालकाची, संमती लागते. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेला लागू होणारा नियम आणि एखाद्या खासगी अनुदानित शाळेला लागू होणारा नियम यांत फरक आहे, आणि आपल्या छात्राध्यापकांना दोन्ही प्रकारच्या शाळांत जायचे असल्याने तो त्यांना माहीत असायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये अरुणा रॉय प्रकरणात आणखी एक भेद स्पष्ट केला. एखाद्या धर्माची शिकवण देणे आणि धर्मांविषयी माहिती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीला संविधानाची मनाई नाही.

सर्वांना एकच उदाहरण सांगायचे झाल्यास मी केरळातील सांगतो. 1985 मध्ये तेथील एका शाळेने 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडांना काढून टाकले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत. परंतु त्यांच्या श्रद्धेनुसार ती गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये बिजो इमॅन्युएल प्रकरणात त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. आदराने उभे राहणे हा अनादर नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या राज्यातही, नाशिकमधील एका शिक्षकाने परिपाठातील प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला होता, आणि 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला. मी वर्गात हा निर्णय सांगतो तेव्हा काही शिक्षकांना धक्का बसतो, तर काहींच्या चेहऱ्यावर स्पष्ट सुटका दिसते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या अधिनियमातील कलम 17 हेही त्यांना वाचून दाखवा. त्यात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. जातीवरून किंवा धर्मावरून सर्वांसमोर टोमणा मारणे ही केवळ शिष्टाचाराची चूक नसते, हे त्यातून कळते. एवढे सांगून मी हेही मान्य करतो की कायदा फक्त खालची मर्यादा आखून देतो. तिसऱ्या बाकावरची ती मुलगी गप्प झाली, तेव्हा कोणत्याही कलमाचा भंग झालेला नव्हता.

उत्तर 6 : सातपुड्याच्या पायथ्याशी

मी नंदुरबार जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. वरील सगळी चर्चा वाचताना मला जाणवले की आमच्याकडची मुले या चौकटीत कोठेच बसत नाहीत. येथे वर्गात सगळी मुले भिल आणि पावरा समाजाची असतात आणि शिक्षक बहुतेक मैदानी भागातून आलेले असतात. म्हणजे विविधता मुलांमुलांमध्ये नसते. ती शिक्षक आणि संपूर्ण वर्ग यांच्यामध्ये उभी असते. नवे शिक्षक येतात तेव्हा त्यांना वाटते की या मुलांना सण नाहीत, देव नाहीत, आणि ते त्यांना शिकवायचे आहेत. याहामोगी मातेचे नाव त्यांनी ऐकलेले नसते. देवमोगरा येथील तिच्या यात्रेला मूल चार दिवस गेले, की ते हजेरीपटात विनाकारण गैरहजर ठरते. आमच्याकडे होळी हा वर्षातला सर्वांत मोठा सण आहे. होळीपूर्वी भोंगऱ्याचे बाजार भरतात, गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी पेटतात, काठी गावच्या होळीला दूरदूरची माणसे चालत येतात. आणि शाळेच्या यादीत या सगळ्यासाठी एखाद-दुसरी सुट्टी असते. मुख्याध्यापकांच्या अधिकारातील स्थानिक सुट्ट्या अशा वेळी वापरता येतात, हेदेखील काही मुख्याध्यापकांना सुचत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने तो सण यादीतला नसतो.

नावाविषयी केंद्रप्रमुख साहेबांनी लिहिले, त्याला जोडून सांगतो. आमच्या भागात मुलांना जन्मवारावरून किंवा ऋतूवरून नावे ठेवण्याची रीत होती. शाळेत दाखल करताना ते नाव गुरुजींना विचित्र वाटे आणि ते रजिस्टरवर स्वतःच्या मनाने एखादे 'चांगले' नाव लिहीत. आज चाळिशीत असलेल्या अनेकांना दोन नावे आहेत : एक आईने ठेवलेले आणि एक शाळेने. माझ्या वडिलांचेही तसेच आहे. त्यांना ज्या नावाने पेन्शन मिळते, त्या नावाने त्यांना गावात कोणीही ओळखत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की सत्रात धर्मांची यादी करण्याऐवजी छात्राध्यापकांना आंतरवासितेच्या काळात किमान तीन मुलांच्या घरी पाठवावे. तपासणीसाठी नव्हे, काही शिकण्यासाठी जावे. अंगणात बसावे, चहा प्यावा, आजीला विचारावे की मूल लहान असताना कोणती गोष्ट ऐकत असे. पावरी भाषेत मुलाला "बस" आणि "ये" कसे म्हणतात, एवढे जरी शिकून आले, तरी दुसऱ्या दिवशी वर्गाचे तोंड बदललेले दिसेल. मी स्वतः पावरा आहे, आणि माझ्या शाळेत पहिलीच्या वर्गावर आमची भाषा बोलणारा पहिला शिक्षक मीच होतो.

उत्तर 7 : लेस्टरची मराठी शाळा

नमस्कार. मूळची पुण्याची, सध्या इंग्लंडमध्ये लेस्टर येथे प्राथमिक शाळेत शिकवते. येथे धर्मांविषयीचे शिक्षण हा शाळेतला रीतसर विषय आहे. स्थानिक प्रशासनाच्या शाळांसाठी तो अभ्यासक्रम स्थानिक पातळीवर ठरतो आणि तो ठरवणाऱ्या मंडळात चर्च, इतर धर्म, शिक्षक आणि स्थानिक प्रशासन यांचे प्रतिनिधी असतात. पालकांना आपल्या मुलाला या तासातून बाहेर ठेवण्याचा कायदेशीर अधिकार आहे. माझ्या वर्गात हिंदू, मुस्लिम, शीख, ख्रिस्ती आणि कोणताही धर्म न मानणाऱ्या घरांतील मुले आहेत, आणि तरीही मी एकदा अगदी ती भिवंडीच्या ताईंनी सांगितलेली चूक केली. 'हिंदू धर्म' हा घटक आला तेव्हा मी वर्गातील एका गुजराती मुलाकडे पाहून हसले आणि म्हणाले, "हे तर तुला सगळे माहीत असेल." तो स्वामीनारायण परंपरेतील होता, पाठ्यसाहित्यातील चित्रे त्याच्या घरच्या देवघराशी जुळत नव्हती, आणि आपले घरच चुकीचे आहे की काय, असे त्याने आईला विचारले. मी स्वतः हिंदू असूनही हे घडले. तेव्हापासून मी "हिंदू असे करतात" ऐवजी "काही हिंदू कुटुंबांत असे करतात" असे म्हणते. वाक्यात 'काही' हा एक शब्द आला की त्या मुलाच्या घरालाही जागा मिळते. हा शब्द छात्राध्यापकांच्या टाचणातही यावा.

पुन्हा : कृष्णाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. ही उत्तरे मी सहकाऱ्यांसमोर वाचून दाखवली आणि पाहुण्यांच्या व्याख्यानांचा बेत आम्ही रद्द केला. पहिल्या दिवशी सकाळी अनुच्छेद 28 आणि केरळातील त्या तीन भावंडांचे प्रकरण घेऊ. दुपारी छात्राध्यापक आमच्याच विद्यालयाचा परिपाठ, तसबिरी आणि सुट्ट्यांची यादी वाचतील, कारण दुसऱ्यांच्या शाळा वाचण्यापूर्वी आपली वाचणे मला योग्य वाटते. आमच्या सभागृहात काय लावलेले आहे, हे मी काल उत्तर 1 वाचल्यानंतर प्रथमच नीट पाहिले. दुसरा पूर्ण दिवस तालमीसाठी ठेवला आहे. पाकिस्तानात जा म्हणणारे मूल, रोजा धरलेले मूल, प्रार्थनेला हात न जोडणारे मूल आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांची घाई, हे चार प्रसंग एक जण शिक्षक आणि बाकीचे वर्ग होऊन करतील आणि प्रत्येकाला बोलायची वाक्ये स्वतःच्या शब्दांत मोठ्याने म्हणावी लागतील. समीकरण सरांनी आक्षेप घेतला नसता तर गट पाडण्याचा मुद्दा सुटला असता. तो गणिताच्या सराव पाठातच घालते आहे.

सातपुड्याच्या सरांची घरभेटीची सूचना मला सर्वांत मोलाची वाटली, पण ती सर्वांत अवघडही आहे. आमच्या तालुक्यात ऊसतोडीच्या हंगामात बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या खोपी कारखान्याजवळ पडतात आणि त्यांची काही मुले आमच्या सराव शाळांत येतात. तेथे संध्याकाळी छात्राध्यापकांना पाठवायचे, तर दिवसभर राबून आलेल्या आईवडिलांचा वेळ आपण घेतो आहोत, याचा संकोच वाटतो. सर, आपल्याकडे नव्या शिक्षकाने पहिल्यांदा घरी जाताना कोणाला सोबत घ्यावे आणि काय बोलून सुरुवात करावी, हे कृपया सविस्तर लिहावे.

आणखी एक बदल केला आहे. पाठाच्या मूल्यमापनाचा आमचा तक्ता जुना असून त्यात प्रस्तावना, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, वर्गनियंत्रण असे रकाने आहेत. प्राचार्यांच्या संमतीने त्याच्या शेवटी एक रकाना वाढवला आहे, आणि तो छात्राध्यापकाने आणि मागे बसलेल्या मार्गदर्शकाने असा दोघांनीही स्वतंत्रपणे भरायचा आहे : आज कोणते मूल बोलले नाही, आणि ते कोणत्या वाक्यानंतर गप्प झाले?